पिकपचा खांदा

...हसा जी, हसा! पोत्यावर बसून हसाले काय जाते? तुमच्या बुडाखाली तांदळाचं पोतं आहे, ते हालत नाही का डुलत नाही. भादव्यात माह्या पिकपमंधी बसले असते ना, तं हसाले तोंड उघडलं असतं अन् दात हातात आले असते! तुमाले सांगतो, घरून निघतानी भांग डाव्या बाजूले पाडलो, अन् गोंदियाले उतरलो तं भांग उजव्या बाजूले! अन् वरून लोकं म्हणतेत, केवळराम, फेक ते डबडं. अरे, काऊन फेकू? गाडीचा दोष नाही जी! गाडी सोन्याची आहे!

आता मिलवर पोतीबी उतराची आहेत, हमाल जेवाले गेले आहेत, तं आयका. सेठ अंदर नाहीत ना? नाही? मंग मोकळ्यानं सांगतो.

ही गाडी लढाईतली. इंग्रज गेला, अन् जाता जाता लष्कराच्या गाड्या नागपूरले लिलावात टाकून गेला, त्यातली एक मी आणलो. समोर दोन माणसाची शीट, मागं पोत्यासाठी उघडा डाला, अन् इंजन असं का बटन दाबलं का हुंकार देते! पण ते आणाले मी काय विकलो? बैलजोडी विकलो. कोणाची? माह्या बाबाची! बकाराम पाटलाची! कोस्या अन् चंद्या. ह्याच फाटकातून, तुमी जेथी बसले ना तेथीच, माह्या बाबानं जिंदगीभर बंडी आणली, धान भरून. कोस्याचा रंग कोशाच्या कापडासारखा, अन् चंद्याच्या कपाळावर टिक्का. शेत आम्ही सुखरामले बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देलो होतो, म्हणजे नांगराले जोडी लागत नव्हती, राह्यली होती ते फक्त बंडीसाठी. तं मी म्हणलो, जमाना कोठी चालला, अन् आपण बंडी कायले हाकाची? आमगावच्या एका कास्तकाराले जोडी देलो अन् पिकप आणलो. झालं! बाबानं माह्यासंग बोलणं बंद केलं!

बंद म्हणजे कसं, तुमाले सांगतो! माह्यासंग बंद, पण भिंतीसंग चालू! जेवाले बसलो का, 'भिंती, त्याले सांग, मीठ इकडं सरकव म्हणा.' मी सरकवतो. 'भिंती, एवढं नाही पाह्यजे होतं.' आता भिंत का मीठ वापस घेते? अन् होळीपासून पोळ्यापर्यंत हेच! एक दिवस मी रागात भिंतीलेच म्हणलो, 'भिंती, बाबाले विचार, गाडी त्याइले काय करून राहिली?' तं म्हणतेत कसे, 'भिंती, मोठ्या माणसाच्या बोलण्यात तू बोलू नको.' आता बोला!

मंग पोळा आला. आमच्या घरचा पहिला पोळा, दारात जनावर नसलेला. गावात तोरण लागलं, ढोल वाजून राह्यले, ज्याच्या त्याच्या बैलाच्या शिंगाले बाशिंग, पाठीवर झूल... अन् आमच्या आंगणात कोण? पिकप! मले तं लाज वाटली जी. शामकलाले घेतलो, आमच्या घरच्या बाईले, अन् पिकप आंगणातच सोडून आदल्या दिवशीच सासुरवाडीले जाऊन बसलो. बाबा एकटे घरी. ते काही आले नाहीत, भिंत सोडून कसे येतील?

वापस आलो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीचा पुतळा काढतेत त्या दिवशी, पोती भरलो अन् निघलो. हळू होती तवापर्यंत काही नाही. काटा पंचविसाच्या वर गेला... घुर्रर्र! म्हणलो, काय झालं बाप्पा? पुढं गेलो तं धडधडधडधड! आरसा कापे, दरवाजा कापे, माह्या मांडीवरचं मांस कापे! बुडाखालून कोणी मूठ हाणून राह्यलं असं वाटे. हळू केलो तं चूप. जोरात नेलो तं पुन्हा धडधड. अन् फुलचूरपाशी मागं पाहतो तं गावच्या साऱ्या कोंबड्या गाडीच्या मागं! काऊन? पोत्याची शिवण उसवली होती जी, हालून हालून! धान सांडत चालला होता अन् कोंबड्या वेचत चालल्या होत्या, वरातीसारख्या!

हिरालाल सेठनं, ह्याच मिलच्या मालकानं, गाडी पाह्यली अन् कमरेवर हात ठेवले. 'केवलराम, तू धान ला रहा है कि रास्ते में बो रहा है?' म्हणलो, सेठ, गाडीचा दोष नाही, पोत्याची शिवण कच्ची. सेठ म्हणते, 'दशहरे तक ठीक कर ले. नहीं तो अपने को बैलगाड़ी अच्छी थी. तेरे बाप ने कभी एक दाना नहीं गिराया.' बाप काढला! तोबी माहाच बाप काढला माह्याविरुद्ध!

घरी आलो तं शामकला. ते बाई, तुमाले सांगतो, आवाज चढवत नाही. चूल फुंकता फुंकता म्हणते, 'आयकलं का, दसऱ्यापर्यंत तुमच्या गाडीचा आवाज गेला तं ठीक. नाही गेला तं गाडी इकाची, आमगावले जाऊन जोडी वापस आणाची, अन् बाबाचे पाय धराचे.' म्हणजे काय ते समजलं ना? गाडी गेली, इज्जत गेली, अन् साऱ्या गावासमोर मी बंडीवर बसून चाल रे कोस्या, चाल रे चंद्या! अन् बाबा भिंतीले म्हणतील, 'पाह्यलं?' त्या भीतीनं मले झोप नाही!

मंग इलाज सुरू. ज्याले तोंड आहे तो वैद्य! एक म्हणते इंजनात कचरा. एक म्हणते मिठाची पोती नेली होती, त्याचा वास लागला. आमचे शेजारी झाडू भाऊ तं कमालच! हळूच कानात म्हणतेत, 'लढाईतली गाडी आहे बावा, एखादा गोरा शिपाई अंदर राह्यला असंन.' मी लिंबू उतरवलो. लिंबू फेकलो, आवाज राह्यला. झाडू भाऊ म्हणतेत, 'गोऱ्याले लिंबू चालत नसंन.' मंग काय, त्याले बिस्कुट ओवाळू?

अन् असं नाही का मी गाडीखाली पाह्यलोच नाही! पाह्यलो होतो जी! वाकून पाह्यलो. सारा चिखलानं लदबदलेला, पावसाचे दिवस. इंजनापासून मागच्या चाकाकडं एक लांब लोखंडी दांडा जाते, फिरते तो, शाफ्ट म्हणतेत त्याले. त्याच्यावर एक गोळा दिसला, चिखलाचा. म्हणलो, कंपनी फिटिंग असंन. लष्कराची गाडी, काही कामासाठीच लावला असंन त्यानं! आपण कोण काढणारे?

मंग कोणीतरी नाव घेतलं मुन्नालाल मिस्त्रीचं.

आता टोपी काढा जी! खरंच सांगतो, असा माणूस पाह्यला नाही. रेल्वे फाटकाच्या बाजूले त्याचं दुकान. अंगात सफेद झक पायजामा-कुर्ता, कानात अत्तराचा फाया, तोंडात पान. मिस्त्री आहे का नवरदेव, समजत नाही! हाताले तेलाचा एक डाग नाही. काऊन? त्याचा कायदाच आहे, ज्याची गाडी तो खाली जाईल! तो उभा राहून विचारते, तुमी खालून सांगाचं. अन् घमंड तं एवढा का दोन पोत्यात भरला तरी उरंन. मले म्हणते, 'गोंदिया में आदमी के डॉक्टर बहुत, गाड़ी का डॉक्टर एक. पूछ, कौन?' म्हणलो, कोण जी? 'मेरे से पूछता है? मैं अपने मुंह से अपनी तारीफ करूं?' अन् मंग केलीच ना त्यानं, माहा अर्धा बिडीबंडल संपेपर्यंत!

मी सांगाले लागलो, घुर्रर्र होते, मंग धडधड होते, सेठ असा म्हणला, शामकला तशी म्हणली... तं हात वर. 'चुप! गाड़ी को बोलने दे. तू बहुत बोलता है.' मी बोलतो? मी! बरं! त्यानं लोटाभर पाणी घेतलं, काठोकाठ, अन् शीटावर ठेवलं. डोळे बंद. 'चला.'

चालवलो. काटा पंचविसावर, घुर्रर्र... पाणी थरथर, थरथर, सारी शीट ओली. 'क्लच दबा. गियर से निकाल. इंजन धीमा होने दे.' केलो. इंजन शांत झालं, गाडी आपल्या जोरानं चालली आहे... अन् धडधड तशीच! मुन्नालालनं एक डोळा उघडला. 'इंजन बरी,' म्हणते. कोर्टात जज म्हणते ना, तसा! इंजन बरी! सारा गाव ज्याले चोर म्हणे, ते बेकसूर!

मंग म्हणते, 'अब नीचे का गियर डाल, काटा उतना ही रख.' इंजन बोंबलाले लागलं, पण धडधड जेवढी होती तेवढीच, पंचविसाच्या वरच. 'इंजन दूसरी बार बरी,' म्हणते. मंग दुकानात आणून आपल्या दुसऱ्या गाडीची चाकं माह्या गाडीले लावाले लावली. कोणाले? मलेच! पुन्हा फिरलो. तशीच धडधड. 'चक्के बरी.' अन् मंग शीटावर बोटानं ताल धराले लागला, टकटकटकटक. 'सुन. चक्का इतना जल्दी नहीं घूमता. ये चक्के से तेज़ कोई घूम रहा है. कौन है?' म्हणलो, शाफ्ट? म्हणते, 'शाबास. आज तक तू पहली बार काम का बोला.'

मी तं पाहतच राह्यलो. खाली वाकला नाही, हात लावला नाही, एक पाना उचलला नाही, अन् चोर पकडला! गाडीचा दोष नाही, हे मीबी म्हणत होतो, पण मी म्हणत होतो प्रेमानं, अन् त्यानं साबित केलं!

'कबसे है ये?' म्हणते. म्हणलो, मारबतीच्या दिवसापासून. 'उसके पहले दिन?' उभी होती, आंगणात, पोळा होता. 'आंगन में और कौन था?' कोणी नाही, बाबा होते. मुन्नालालनं पान थुंकलं. 'घर ले चल. जहां खड़ी थी, उधर ही खड़ी कर. इधर कीचड़ है, मेरा पायजामा खराब होगा.'

गेलो. आंगणात बाबा खाटेवर बसले होते, अंबाडीचा दोर वळत. तीन पदराचा दोर, पीळ असा का माह्या बाबासारखा दुसऱ्या कोणाले जमत नाही. आमाले पाह्यलं अन् भिंतीकडं तोंड केलं. मी गाडीखाली सरकलो. वरून मुन्नालाल, 'क्या दिखता है?' म्हणलो, काही नाही, चिखल अन् कंपनीचा गोळा. 'कौनसा गोला?' तो जी, कंपनी फिटिंग. 'अबे, शाफ्ट पे कंपनी गोला नहीं देती! खुरच!'

खुरचलो. चिखल पडला. आत फडकं. फडक्याले हळद. तुपाचा वास आला, जुन्या. फडक्यावर दोर, करकचून बांधलेला. अंबाडीचा. तीन पदराचा. मी गाडीखालून मान वळवलो, तं समोर खाटेवर बाबाच्या हातातला दोर... तोच पीळ. अन् पहिल्यांदाच माह्या तोंडातून शब्द निघेना. मुन्नालाल ओरडून राहिला, 'क्या हुआ, मर गया क्या?' अन् मी त्या दोरावरून बोट फिरवून राह्यलो.

तं काय केलं त्या माणसानं? तो सफेद पायजामा, तो अत्तराचा फाया... खाली आडवा झाला जी! चिखलात! माह्या बाजूले सरकून आला, फडकं थोडं बाजूले केलं. अंदर पितळेची घंटी. कोस्याच्या गळ्यातली! फडक्यात कसून गुंडाळली होती, वाजू नाही म्हणून. मुन्नालाल हळू आवाजात म्हणते, 'बाबा, ये आपने बांधा?'

बाबा उठले. अन् भिंतीकडं नाही पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. गाडीखाली माहं तोंडच तेवढं दिसे. म्हणतेत, 'मीच बांधलो. का पाहून राहिला? पोळा होता. तुमी तं गेले पळून सासुरवाडीले. घरचं जनावर उघडं ठेवाचं का? रोज ओझं वाह्यते, तुमाले खाऊ घालते, बैलाचा शेकतेत तसा त्याचा खांदा नाही शेकाचा? आदल्या दिवशी खाली निजून मी पाह्यलो, याचा खांदा कोठी आहे. तिकडं इंजन जोर लावते, इकडं चाकं फिरतेत, अन् मधातून साराचा सारा जोर ह्या दांड्यातून जाते. तं हाच खांदा. हळद-तूप लावलो, पळसाच्या पानानं शेकलो, उद्या जेवाले ये म्हणून आवतन देलो. पोळ्याले घंटी बांधलो. गाव हासंन म्हणून फडक्यात बांधलो. तुह्या गाडीचं का वाईट केलो मी?'

आता तुमीच सांगा, होळीपासून ज्या माणसानं माह्यासंग एक शब्द काढला नाही, तो माह्या गाडीखाली निजला होता! तुपाची वाटी घेऊन, त्या वयात! ज्या गाडीसाठी त्याची जोडी गेली, तिलेच त्यानं जनावर मानलं, अन् मी? मी लिंबू उतरवत होतो!

पण पुढं काय? मुन्नालालच्या हातात चाकू. अन् मी पडलो कात्रीत! कापावं तं बाबा आताच बोलाले लागले, पुन्हा भिंतीकडं वळतील, अन् ह्या वेळेस कायमचे. नाही कापावं तं धडधड चालू, दसरा तोंडावर, सेठ आहे, शामकला आहे, गाडी चालली बाजारात! मी एकदा चाकूकडं पाहतो, एकदा बाबाकडं. बाबाले समजलं. मान खाली घातली, म्हणतेत, 'काप. गाडीच मोठी आहे ना. काप.' अन् वळले भिंतीकडं.

अन् तेवढ्यात मुन्नालाल, माह्या बाजूले चिखलात निजलेला, अत्तराचा वास येऊन राहिला, तो चाकू मिटवते अन् म्हणते, 'बाबा, बैल तो जोड़ी में थे ना? दूसरे की घंटी किधर है?'

बाबा थांबले. म्हणतेत, 'चंद्याची? आहे. कोठीत. गाडी एकच, म्हणून एकच बांधलो.'

'यही तो गलती हुई,' म्हणते! 'अकेला बैल बंडी खींचेगा तो बंडी टेढ़ी नहीं जाएगी? एक बाजू वजन बांधा, दूसरी बाजू खाली. शाफ्ट घूमता है तो उछलता है. लाओ चंद्या को!'

बाबा असे पळाले जी, असे पळाले, का घुडग्याचं दुखणं कोठी गेलं? कोठीतून घंटी काढली, तसंच हळदीचं फडकं, तसाच दोर. मुन्नालालनं कोस्याचीबी सोडली अन् हातावर दोनी तोलल्या, या हातात एक, त्या हातात एक, डोळे बंद. 'चंद्या थोड़ा हल्का है.' फडक्याचा एक वेढा वाढवला. सूत घेतलं, शाफ्टले गोल गुंडाळलं, निम्म्यावर दुमडलं, कोस्याले जुन्या जागी ठेवलं, अन् बरोब्बर त्याच्या समोर, पलीकडच्या अंगाले, चंद्याले बसवलं. गाठ मारली कोणी? बाबानं! मुन्नालालनं सांगितलं, 'गांठ आप मारो, मेरे से ऐसी नहीं बैठेगी.' घमंडी माणूस, पण सांगितलं!

मंग लोटा. काठोकाठ पाणी. कोण धरंन? बाबा म्हणले, मी धरतो. अन् बसले जी, पिकपमंधी, पहिल्यांदा, मांडीवर लोटा घेऊन. मुन्नालाल मागं डाल्यात उभा, पायजाम्याले चिखल, राजासारखा. काटा पंधरा. वीस. मी तं डोळेच मिटणार होतो, पण मंग गाडी कोण चालवंन? पंचवीस... घुर्रर्र नाही. तीस... धडधड नाही! मी लोट्याकडं पाह्यलो. पाणी असं निवांत, तळ्यातल्यासारखं! अन् बाबा त्या पाण्याकडं पाहून राह्यलेत, अन् मंग मले म्हणतेत, मले जी, भिंतीले नाही, 'याहून जोरात नाही पळत का हे?'

दसरा झाला. गाडी घरातच आहे, पाहा, समोर उभी. सेठच्या पोत्याची शिवण उसवत नाही. फुलचूरच्या कोंबड्या मले पाहून तोंड फिरवतेत. शामकलानं गाडीले आंब्याचं तोरण बांधलं, पाय धराचं काम पडलंच नाही.

हाव, एक झालं. बाबा म्हणले, आता साऱ्या गावाले समजलं, मंग चोरी कायची? फडकी सोडून टाकली. दोर अन् घंट्या तेवढ्या ठेवल्या, मुन्नालालकडून पुन्हा तोलून घेतल्या. आता गाडी जोरात राह्यली तं घंटीची जीभ एका अंगाले चिकटते, चूप, पण गावात शिरताना हळू केली का खुळुखुळु, खुळुखुळु! रस्त्यावरचे बैल मान वळवून पाहतेत.

अन् बाबा रोज संग येतेत. समोरच्या शीटावर. अन् होळीपासून जे बोलले नव्हते ना, ते सारं आता बोलून राह्यलेत! 'ब्रेक कायले दाबला? त्याच्या खांद्याले लागते.' 'चढावावर हाकार नाही, असा कसा चढंन तो?' 'नाल्यावर थांबव, पाणी दाखव.' तुमाले सांगतो, गावापासून ह्या फाटकापर्यंत जीभ थांबत नाही! मी तं हॉर्न वाजवाचंच सोडून देलो. माणूस किती बोलंन जी? माह्यासारखा गुमान राहणारा माणूस, त्यानं काय कराचं? ते भिंत बिनकानाची, किती सुखी होती, आता समजते!

काल गेलतो मुन्नालालकडं. बाबा बाहेर गाडीत बसून गाडीलेच काही सांगत होते. मी अंदर जाऊन हळूच म्हणलो, मिस्त्री, सारा आवाज गेला, पण शीटावर एक नवीन आवाज बसला आहे, रात नाही का दिवस नाही, याचा काही इलाज?

मुन्नालालनं बाहेर पाह्यलं. कानातला अत्तराचा फाया नीट केला अन् म्हणते, 'वो नहीं निकलेगा, केवलराम. वो कंपनी फिटिंग है.'